आधुनिक कलासंग्रहालयाची अभ्यासभेट : मुंबईचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि सिरोंचा परिसरातील विद्यार्थी

सारांश :
महाविद्यालयीन अभ्यास सहलींमध्ये किल्ले, लेणी, धरणे व कारखाने यांना ठरलेले स्थान असते. आधुनिक कलेचे संग्रहालय मात्र क्वचितच यादीत येते. आले तरी 'काही समजले नाही' या शेऱ्यावर ती भेट संपते. प्रस्तुत लेखात मुंबई येथील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे स्वरूप, तेथील चित्रकलेशी असलेला विदर्भाचा संबंध आणि आदिवासी कलेला आधुनिक संग्रहालयात मिळालेले स्थान यांचा विचार केला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचासारख्या दुर्गम व बहुभाषिक तालुक्यातील विद्यार्थ्यांसाठी अशी भेट अर्थपूर्ण कशी होऊ शकते, याचे विवेचन करणे हा लेखाचा हेतू आहे.

बीजसंज्ञा : आधुनिक कला, संग्रहालय, अमूर्त चित्र, आदिवासी कला, अभ्यास सहल, सिरोंचा.

प्रस्तावना :
सिरोंचा हा गडचिरोली जिल्ह्याचा अगदी दक्षिणेकडील तालुका. प्राणहिता, गोदावरी आणि इंद्रावती या तीन नद्यांनी त्याची सीमा आखली आहे. गोदावरीपलीकडे तेलंगणा व इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड. इंग्रजी अमदानीत सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यात आले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. घरात तेलुगू, रानात व आठवडी बाजारात गोंडी-माडिया, शाळेत मराठी आणि परीक्षेच्या पुस्तकात काही प्रमाणात इंग्रजी अशी येथील विद्यार्थ्याची भाषिक स्थिती असते. जिल्ह्याचे ठिकाण सुमारे दोनशे किलोमीटरवर, तर राज्याची राजधानी एक हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. तालुक्यात रेल्वे नाही. मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ पडते.

अशा ठिकाणच्या महाविद्यालयाने विद्यार्थ्यांना मुंबईला न्यावे आणि तेथे समुद्र, विधानभवन व प्राणिसंग्रहालय यांबरोबर आधुनिक कलेचे संग्रहालयही दाखवावे, असे म्हटले तर साहजिकच प्रश्न येतो : कशासाठी? ज्या विद्यार्थ्याच्या शाळेत कदाचित चित्रकलेचा शिक्षकही नव्हता, त्याला रंगांचे अमूर्त पट दाखवून काय साधणार? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. प्रवासाचा खर्च पालकांच्या मजुरीतून येतो आणि सहलीचे दिवस शेतीच्या हंगामातून काढावे लागतात. म्हणूनच या भेटीचे प्रयोजन अध्यापकाला स्वतःशी स्पष्ट असले पाहिजे.

उद्दिष्टे :
१. आधुनिक कलासंग्रहालय या संस्थेचा उदय व तिची मांडणीपद्धती समजून घेणे.
२. मुंबईतील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचा परिचय करून देणे.
३. आधुनिक भारतीय चित्रकलेतील विदर्भाच्या वाट्याची नोंद घेणे.
४. आदिवासी कलेच्या संग्रहालयीन स्थानाचा प्रश्न मांडणे.
५. अभ्यासभेटीच्या नियोजनाविषयी अध्यापकांना उपयुक्त सूचना करणे.

आधुनिक कलासंग्रहालय : संकल्पना व मांडणी :
संग्रहालय म्हटले की जुन्या, दुर्मीळ वस्तूंचा संचय डोळ्यांपुढे येतो. आधुनिक कलेचे संग्रहालय या कल्पनेला छेद देते. हयात असलेल्या किंवा नुकत्याच निवर्तलेल्या कलावंताची कृती काळाच्या कसोटीला उतरण्यापूर्वीच ते स्वीकारते. या प्रकारच्या संस्थांमध्ये न्यूयॉर्कचे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट अग्रगण्य होय. १९२९ च्या नोव्हेंबरमध्ये, अमेरिकन शेअर बाजार कोसळल्यानंतर अवघ्या काही दिवसांतच ते सुरू झाले. आल्फ्रेड बार हे त्याचे पहिले संचालक. पांढऱ्या भिंती, दोन चित्रांमध्ये मोकळी जागा, नक्षीकामाचा अभाव, प्रत्येक चित्र डोळ्यांच्या पातळीवर ही आज सर्वत्र रूढ झालेली मांडणी रुजविण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे.

या पांढऱ्या भिंतीचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. देवळातील मूर्तीभोवती पूजा असते, घरातील चित्राभोवती संसार असतो, मातीच्या भिंतीवरील रेखाटनाभोवती सण असतो. पांढरी भिंत हे सारे काढून टाकते आणि केवळ रूप, रंग व रेषा समोर ठेवते. त्यामुळे वस्तूकडे एकाग्रतेने पाहता येते, हा तिचा लाभ. परंतु वस्तू ज्या जगण्यातून आली ते जगणे दिसेनासे होते, ही तिची मर्यादा. विद्यार्थ्याने संग्रहालयात पाऊल टाकण्यापूर्वी लाभ आणि मर्यादा दोन्ही जाणले, तर शांत दालनाचे दडपण बरेच कमी होते.

मांडणी ही निसर्गनियमासारखी अटळ नाही, हेही सांगितले पाहिजे. लंडनचे टेट मॉडर्न २००० साली एका जुन्या वीजनिर्मिती केंद्राच्या इमारतीत सुरू झाले, तेव्हा तेथील चित्रे कालक्रमाने न लावता विषयानुसार लावली गेली. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने आपली दालने नव्याने मांडली आणि पिकासोच्या १९०७ च्या प्रसिद्ध चित्राच्या दालनात फेथ रिंगगोल्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकर्तीचे १९६७ चे चित्र ठेवले. चित्रे तीच राहिली, परंतु शेजार बदलला आणि शेजार बदलताच अर्थही बदलला. कोणाच्या शेजारी कोणाला बसवायचे हा प्रश्न भारतीय समाजाला अपरिचित नाही. संग्रहालयातही तो तितकाच गंभीर असतो.

भारतातील उभारणी :
स्वातंत्र्यानंतर आधुनिक कलेची राष्ट्रीय संस्था उभारण्याचा निर्णय झाला आणि १९५४ च्या मार्च महिन्यात दिल्लीच्या जयपूर हाऊसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे उद्घाटन तत्कालीन उपराष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. यापूर्वी बडोद्याच्या संग्रहालयात काम केलेले जर्मन कलाइतिहासकार हर्मान गोएट्झ हे तेथील पहिले प्रमुख. अमृता शेरगिल यांची चित्रे हा त्या संग्रहाचा आरंभीचा मोलाचा ठेवा होय. पुढे १९९६ मध्ये मुंबई व २००९ मध्ये बंगळूर येथे या संस्थेच्या शाखा सुरू झाल्या.

मुंबईत कलाशिक्षणाची व प्रदर्शनांची परंपरा यापूर्वीच होती. सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळा १८५७ मध्ये, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ मध्ये आणि जहांगीर कलादालन १९५२ मध्ये स्थापन झाले. मात्र शासनाने चालविलेले आधुनिक कलेचे राष्ट्रीय संग्रहालय शहराला मिळण्यास शतक संपत यावे लागले.

मुंबईचे संग्रहालय : वास्तू आणि अनुभव :
काळा घोडा परिसरातील महात्मा गांधी मार्गाच्या टोकाला, पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमसमोर, सर कावसजी जहांगीर सभागृहाची इमारत आहे. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने तिचा आराखडा केला आणि १९११ मध्ये ती पूर्ण झाली. समोरील वस्तुसंग्रहालय आणि गेट वे ऑफ इंडिया हीसुद्धा विटेट यांचीच कामे. अनेक दशके या सभागृहात जाहीर सभा, संगीताच्या मैफली व समारंभ होत असत. पुढे नवी सभागृहे उभी राहिल्यावर त्याचे महत्त्व ओसरले. रोमी खोसला यांच्या आराखड्यानुसार, दीर्घकाळ चाललेल्या दुरुस्तीनंतर, आतील भाग पूर्ण बदलून १९९६ मध्ये ते कलासंग्रहालय म्हणून खुले झाले. बाहेरचे दगडी रूप मात्र जसेच्या तसे राखले आहे.

आत गेल्यावर सरळ रांगेतील खोल्या आढळत नाहीत. अर्धवर्तुळाकार मजले एकावर एक, किंचित मागेपुढे रचलेले असून जिन्याने वर चढत जावे लागते. सर्वांत वर घुमटाखालचे दालन येते. एकूण पाच प्रदर्शन-दालनांची ही रचना आहे. वरच्या पातळीवरून खाली पाहिले असता आधी जवळून पाहिलेली कृती दुरून व उंचावरून पुन्हा दिसते. चित्र हे एकाच अंतरावरून पाहण्याची वस्तू नाही, हा धडा येथे वास्तूच देते.

येथे एक बाब अध्यापकांनी आवर्जून लक्षात घ्यावी. मुंबईच्या या संग्रहालयात प्रामुख्याने बदलती प्रदर्शने असतात. राष्ट्रीय संग्रहाचा मोठा भाग दिल्लीत आहे. त्यामुळे अमुक एक चित्र तेथे असेलच असे गृहीत धरून जाऊ नये. सोमवारी संग्रहालय बंद असते आणि एक प्रदर्शन उतरवून दुसरे लावले जात असतानाही दालने बंद असू शकतात. हजार किलोमीटरचा प्रवास करून बंद दारापाशी उभे राहण्याची वेळ येऊ नये म्हणून पत्रव्यवहार व दूरध्वनीने आधी खात्री करणे हे नियोजनाचे पहिले कलम ठरते.

विदर्भाचा वाटा :
आधुनिक चित्रकला म्हणजे मुंबई-पॅरिसची मिरासदारी, असा समज विदर्भातील महाविद्यालयांतही आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे सहा संस्थापक सदस्य म्हणजे फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौळाजी आरा, हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाक्रे. यांपैकी गाडे यांचा जन्म १९१७ साली अमरावती जिल्ह्यातील. रझा यांचा जन्म १९२२ साली मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात, बाबरिया येथे झाला. वडील वनखात्यात नोकरीला असल्याने त्यांचे बालपण नर्मदेकाठच्या दाट अरण्यात गेले. चित्रकलेचे आरंभीचे शिक्षण त्यांनी नागपूरच्या कलाशाळेत घेतले. हुसेन यांचे जन्मगाव पंढरपूर.

वासुदेव सन्तु गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपूरला झाला. घराणे मूळचे गोव्याचे. १९४८ मध्ये त्यांनी मुंबईच्या कलाशाळेची पदविका घेतली. २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरविले. अकोल्यात १९२२ साली जन्मलेले अंबादास खोब्रागडे हे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या 'ग्रुप १८९०' चे सदस्य होते. पुढे ते नॉर्वेत स्थायिक झाले व २०१२ मध्ये तेथेच निवर्तले.

ही नावे केवळ प्रादेशिक अभिमानासाठी सांगावयाची नाहीत. वनखात्याच्या वसाहतीत वाढलेला, संध्याकाळी अरण्याचा अंधार पाहिलेला मुलगा पुढे जागतिक कीर्तीचा चित्रकार झाला, ही गोष्ट आलापल्ली-सिरोंचाच्या जंगलात वाढलेल्या विद्यार्थ्याला फार जवळची वाटेल. रझा यांच्या चित्रांतील काळे वर्तुळ, म्हणजेच बिंदू, याचे मूळ प्राथमिक शाळेत असल्याचे ते सांगत. चंचल मनाच्या या विद्यार्थ्याला शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत राहण्यास सांगितले होते. अनेक दशकांनंतर तो ठिपका त्यांच्या चित्रांचे केंद्र झाला. खेड्यातील एका प्राथमिक शिक्षकाच्या कृतीचे फलित एवढे दूरवर जाऊ शकते, हे अध्यापकवर्गानेही ध्यानी घ्यावे.

अमूर्त चित्राची अडचण :
संग्रहालयात विद्यार्थी प्रथम विचारतो : 'हे कशाचे चित्र आहे?' प्रश्न स्वाभाविक आहे, कारण पाठ्यपुस्तकातील प्रत्येक चित्र कशाचे तरी असते. गायतोंडे यांच्या चित्राला हा प्रश्न लागू पडत नाही. ते स्वतःच्या कामाला अमूर्त म्हणण्याऐवजी 'वस्तुनिरपेक्ष' म्हणणे पसंत करीत. रूळ व रंगपट्टीने तैलरंगाचे थर चढवावेत, काढावेत, पुन्हा चढवावेत, अशी त्यांची रीत होती. वर्षाकाठी मोजकीच चित्रे ते पूर्ण करीत. अशा चित्रासमोर 'कशाचे' याऐवजी 'कसे' हा प्रश्न विचारावा. कोणता थर आधीचा दिसतो? प्रकाश कोठून येतो असे वाटते? नजर कोठे थांबते आणि कोठे सरकते? या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी कलेतिहासाची पदवी लागत नाही. थांबून पाहण्याची सवय लागते.

ही सवय सिरोंचा परिसरातील विद्यार्थ्याजवळ नसते, असे मानणे चुकीचे आहे. तेलुगूभाषक घरांच्या अंगणात पहाटे सडा टाकून मुग्गू घातले जातात. ठिपक्यांची जाळी मांडायची, त्यांभोवती वा त्यांमधून रेषा वळवीत न्यायची आणि आकृती पूर्ण करायची, ही त्याची रीत. 'हे कशाचे चित्र आहे?' असे मुग्गूला कोणी विचारीत नाही. तोल साधला की नाही, रेषा सलग आली की नाही, एवढेच पाहिले जाते. गोंड व माडिया स्त्रियांच्या अंगावरील गोंदणातही ठिपके व रेषा यांची अशीच रचना असते. म्हणजे वस्तुनिरपेक्ष रूप पाहण्याचे व पारखण्याचे शिक्षण या मुलामुलींना घरातच मिळालेले आहे. त्या शिक्षणाला 'कला' हे नाव कोणी दिलेले नसते, एवढेच. रझांचा बिंदू आणि अंगणातील ठिपका एकच, असा सोपा निष्कर्ष काढू नये. परंतु दुसऱ्याच्या आधारे पहिल्याकडे जाण्याची वाट मात्र निश्चित आहे.

या तुलनेतून आणखी एक भेद स्पष्ट होतो. मुग्गू सकाळी घातले जाते, दुपारपर्यंत पायदळी जाते व दुसऱ्या दिवशी नवे घातले जाते. त्याचे टिकणे हे पुन्हा पुन्हा घालण्यात असते. संग्रहालय वस्तू टिकविते : ठरावीक तापमान, मंद प्रकाश, स्पर्शास मनाई. एका परंपरेत हात टिकतो, दुसरीत वस्तू. संस्कृती जतन करण्याच्या या दोन रीतींची चर्चा समाजशास्त्र, इतिहास व साहित्य या तिन्ही विषयांच्या वर्गात होऊ शकते.

आदिवासी कला : कोणत्या दालनात? :
लेखातील सर्वांत कळीचा मुद्दा हा आहे. गडचिरोली जिल्ह्यातील विद्यार्थ्याला आपल्या समाजाच्या वस्तू यापूर्वी संग्रहालयात दिसल्या असतील, तर त्या बहुधा मानववंशशास्त्राच्या दालनात. १८६३ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे लोकांच्या तोंडचा 'अजब बंगला', किंवा पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय ही त्याची उदाहरणे. तेथील पाटीवर सामान्यतः जमातीचे नाव, वस्तूचे नाव व उपयोग लिहिलेला असतो. कलासंग्रहालयातील पाटीवर प्रथम कलावंताचे नाव, मग शीर्षक, साल व माध्यम असते. पहिली पाटी 'हे लोक असे करतात' असे सांगते, तर दुसरी 'या व्यक्तीने हे केले' असे सांगते. एकाच कोरीव खांबाला दोन पाट्या लावून पाहिल्या, तर सन्मानाचा फरक लगेच ध्यानात येतो.

हा भेद जागतिक पातळीवरही वादाचा ठरला आहे. १९०७ मध्ये पिकासो पॅरिसच्या मानववंशविषयक संग्रहालयात आफ्रिकी मुखवटे पाहून प्रभावित झाला, हे सर्वश्रुत आहे. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आधुनिक पाश्चात्त्य चित्रे व आदिवासी वस्तू शेजारी मांडून एक प्रदर्शन केले. चित्रकारांची नावे व साले दिली गेली, परंतु मुखवट्यांचे कर्ते अनामिकच राहिले, अशी कठोर टीका त्यावर झाली. १९८९ मध्ये झां-युबेर मार्तां यांनी पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात व ला व्हिलेत येथे भरविलेल्या प्रदर्शनात जगभरातील सुमारे शंभर कलावंत नावानिशी, एका पातळीवर मांडले. त्यांत मध्य प्रदेशातील जनगढसिंह श्याम व मिथिलेच्या बौआ देवी यांचा समावेश होता.

जनगढ यांचे उदाहरण गडचिरोलीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. ते पाटणगढचे, परधान गोंड समाजातील. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. बाना वाद्यावर गोंड राजांच्या व देवांच्या कथा गाणारे. १९८२ मध्ये भोपाळला चार्ल्स कोरिया यांनी रचलेले भारत भवन सुरू झाले. तेथील कलासंग्रहाची जबाबदारी चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्याकडे होती. त्यांनी शहरी आधुनिक चित्रे व आदिवासी कलाकृती समान दर्जाने मांडण्याचे धोरण स्वीकारले. त्यांच्या सहकाऱ्यांना जनगढ यांची भिंतीवरील चित्रे आढळली आणि त्यांना भोपाळला आणले गेले. गायनातील देवता रंगांत उतरल्या. त्यांच्यामागून नातेवाईक व गावकरी या कामात आले आणि एक संपूर्ण चित्रशैली उभी राहिली. ती 'प्राचीन काळापासून जशीच्या तशी' आलेली नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ज्ञात नावाच्या व्यक्तीने, नव्या कागद-रंगांत घडविलेली ती आधुनिक कला आहे.

महाराष्ट्रात डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्राबाबत असेच केले. लग्नाच्या चौकापुरते मर्यादित असलेले, स्त्रियांनी काढावयाचे चित्र त्यांनी कागदावर व कापडावर आणले. या कामाला बाहेरच्या जगाची ओळख करून देण्यात १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी या चित्रकाराचा वाटा होता. म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

तथापि मान्यता म्हणजे सुरक्षितता नव्हे. २००१ मध्ये जपानमधील मिथिला संग्रहालयात राहून चित्रे काढीत असताना, मायदेशापासून दूर, जनगढ यांनी जीवनाचा अंत केला. त्यांच्या कामाच्या अटी व मोबदला यांविषयी त्यानंतर भारतीय कलावंतांनी तीव्र प्रश्न उपस्थित केले. कलाकृती दालनात पोहोचली म्हणजे कलावंत न्यायापर्यंत पोहोचला असे होत नाही, हे विद्यार्थ्यांसमोर स्पष्टपणे मांडले पाहिजे.

मंडला आणि डहाणू यांना जे स्थान मिळाले ते भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या परिसराला आधुनिक कलेच्या नकाशावर मिळालेले नाही. येथे माडियांचे कोरीव लाकूडकाम आहे, मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड आहेत, बांबूकाम आहे, गोंदण आहे. नाही ती एवढीच गोष्ट : कर्त्याचे नाव लिहून ठेवण्याची व्यवस्था. सिरोंचाला याचा वेगळा अनुभवही आहे. प्राणहितेच्या काठावरील कोटा या गावाचे नाव भूशास्त्रात कोटा शैलसमूह म्हणून जगभर घेतले जाते. याच शैलसमूहात, प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात मिळालेला 'बारापासॉरस टागोराय' या महाकाय डायनोसॉरचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. खोऱ्यातील वस्तू दूरच्या शहरात जाऊन कीर्ती पावते आणि खोऱ्यातील विद्यार्थ्याला तिची वार्ताही नसते. वडधमच्या जीवाश्म उद्यानामुळे ही दरी काहीशी भरली आहे. कलेच्या बाबतीत ती अद्याप तशीच आहे.

अभ्यासभेटीचे नियोजन :
वरील विवेचनाच्या आधारे भेटीची आखणी तीन टप्प्यांत करता येईल.

भेटीपूर्वी : निदान चार तासिका राखून ठेवाव्यात. एका तासिकेत संग्रहालय म्हणजे काय याची चर्चा करावी. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ मध्ये प्राग येथे स्वीकारलेल्या व्याख्येत संग्रहालय सर्वांना खुले, सर्वसमावेशक व विविधता जोपासणारे असावे, असे म्हटले आहे. ती व्याख्या वर्गात वाचून घ्यावी. उर्वरित तासिकांत तीन-चार चित्रकारांची ओळख करून द्यावी व विद्यार्थ्यांनी घरातील किंवा गावातील एक वस्तू, तिच्या कर्त्याच्या नावासह, नोंदवून आणावी.

भेटीच्या वेळी : सर्व दालने पळत पाहण्यापेक्षा प्रत्येकाने तीनच कृती निवडाव्यात आणि प्रत्येकीसमोर किमान दहा मिनिटे थांबावे. पाटी आधी वाचू नये. आधी पाहावे, मग वाचावे. संग्रहालयातील पाट्या बहुतांशी इंग्रजी व हिंदीत असतात. विद्यार्थ्यांनी निवडलेल्या कृतीची पाटी मराठीत, तेलुगूत किंवा गोंडीत स्वतः लिहावी. 'वस्तुनिरपेक्ष' या शब्दासाठी गोंडीत काय म्हणता येईल, या शोधात भाषेच्या अध्यापकालाही काम मिळते. समोरच्याच वस्तुसंग्रहालयाला त्याच दिवशी भेट दिल्यास दोन प्रकारच्या पाट्यांची तुलना प्रत्यक्ष करता येते.

भेटीनंतर : आणलेल्या नोंदींचे छोटे प्रदर्शन महाविद्यालयात भरवावे. त्यांत गावातील वस्तूही असाव्यात आणि त्यांच्या पाटीवर प्रथम कर्त्याचे नाव असावे. ज्यांच्याकडून वस्तू आणल्या त्यांना प्रदर्शनास बोलवावे. विद्यार्थ्याच्या आजीचे नाव पाटीवर लिहिले गेले, तर संग्रहालय या संस्थेचा अर्थ त्या घराला दहा व्याख्यानांपेक्षा अधिक नीट कळेल.

मुंबई शक्य नसेल तेथे पर्याय आहेत. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय व दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र, हैदराबादचे सालारजंग संग्रहालय, भोपाळचे भारत भवन व २०१३ मध्ये सुरू झालेले आदिवासी संग्रहालय ही ठिकाणे तुलनेने जवळची आहेत. राष्ट्रीय संग्रहातील अनेक कृती संगणकाच्या पडद्यावरही पाहता येतात. मात्र पडद्यावर सर्व चित्रे एकाच आकाराची होतात. माणसाहून उंच पट आणि वहीएवढा कागद यांतील भेद नाहीसा होतो. म्हणून पडदा ही पूर्वतयारी समजावी, भेटीचा पर्याय समजू नये.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय अध्ययनावर व स्थानिक ज्ञानपरंपरांवर भर दिला आहे. कला, भाषा, इतिहास, समाजशास्त्र व भूशास्त्र यांना एकत्र आणणारी अशी भेट त्या भराला प्रत्यक्ष रूप देऊ शकते.

निष्कर्ष :
१. आधुनिक कलासंग्रहालयाची मांडणी ही मूल्यनिर्णय करणारी मांडणी आहे. कोणती वस्तू, कोणाशेजारी व कोणत्या पाटीखाली, हे पाहण्यास शिकणे हे भेटीचे मुख्य फलित होय.
२. आधुनिक भारतीय चित्रकलेशी विदर्भ व मध्य भारतातील अरण्यप्रदेश यांचा घनिष्ठ संबंध असून तो पाठ्यक्रमात आणणे आवश्यक आहे.
३. अमूर्त चित्राचे आकलन ग्रामीण वा आदिवासी विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. मुग्गू, गोंदण व कोरीव काम यांमुळे रूपाची जाण त्याला आधीच असते.
४. आदिवासी कलेला न्याय म्हणजे तिला केवळ दालनात जागा देणे नव्हे. कर्त्याचे नाव, मोबदला व संमती यांचाही त्यात समावेश होतो.
५. सिरोंचा परिसरातील कलावस्तूंची कर्त्यांच्या नावांसह नोंद करण्याचे काम स्थानिक महाविद्यालये आपल्या उपलब्ध मनुष्यबळात सुरू करू शकतात. त्यासाठी मुंबईहून कोणी येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. वही, पेन आणि गावाशी परिचय असलेले विद्यार्थी एवढी सामग्री त्यासाठी पुरेशी आहे.